परतीचा आकडा

कोल्हापुरात आभाळातून बर्फ पडतो तो फक्त गारांच्या रूपात, आणि तोही वळवाच्या एखाद्याच पावसात. एप्रिल-मेची दुपार तापत जाते, ढग चढतात, चारच्या सुमाराला वारा सुटतो. धुळीनं डोळे भरतात, कुठंतरी फांदी तारांवर पडते, वीज जाते आणि पत्र्यावर ताडताड गारा वाजायला लागतात. पोरं गारा वेचायला अंगणात धावतात. दहा मिनिटांत गारा विरघळतात, तासाभरात पाऊसही उघडतो. या शहराची बर्फाशी ओळख एवढीच. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटरचं. पन्हाळा तर हजार मीटरच्याही आतला. बर्फाचं वादळ काय असतं, हे सह्याद्रीत कितीही भटकलं तरी कळायची सोय नाही.

तरीही दर मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातली माणसं त्या वादळाच्या वाटेवर जातात. शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागलेल्या असतात, ऊस तुटून गेलेला असतो, लग्नसराई आटोपत आलेली असते. कुणी कुलू-मनालीकडे सुट्टीतल्या ट्रेकला जातं, कुणी चारधामला, आणि एखाददुसरं थेट आठ हजार मीटरच्या शिखरावर. ज्या महिन्यात आपण घामानं निथळत असतो, त्याच महिन्यात तिथं दुपारी दोन वाजता डोळ्यांपुढचा हात दिसेनासा होईल इतका बर्फ कोसळू शकतो, हे निघणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या मनात नसतं. त्यामुळं बॅग भरली जाते ती थंडीच्या हिशेबानं. वादळाचा हिशेब त्यात नसतो.

एकच वादळ, दोन टोकं

मे २०२१ कोल्हापूरकरांना आठवत असेल. कोरोनाची दुसरी लाट, बंद बाजारपेठा आणि त्यात अरबी समुद्रात उठलेलं तौक्ते चक्रीवादळ. लक्षद्वीपजवळ जन्मलेलं ते वादळ केरळ, कर्नाटक, गोवा करत १६ मेच्या सुमाराला सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून वर सरकलं. कोकणात घरांची छपरं उडाली, आंब्याच्या बागा झोपल्या. घाटाच्या अलीकडं आपल्याकडंही वारा-पाऊस झाला. १७ मेच्या रात्री ते गुजरातमध्ये उनाजवळ जमिनीवर चढलं आणि आपल्यापुरता विषय संपला.

वादळाचा प्रवास मात्र संपला नव्हता. त्याचं उरलंसुरलं बाष्प राजस्थानमार्गे उत्तरेकडं गेलं आणि वाटेत पश्चिमेकडून आलेल्या दुसऱ्या हवामान प्रणालीशी त्याची गाठ पडली. १९ मेला दिल्लीत चोवीस तासांत ११९ मिलिमीटर पाऊस झाला. मे महिन्यात तिथं एका दिवसात इतका पाऊस त्याआधी नोंदला गेला नव्हता. तेच बाष्प हिमालयावर चढलं तेव्हा त्याचा बर्फ झाला. आठवडाभरानं, २६ मेला, बंगालच्या उपसागरातलं यास चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं आणि झारखंड-बिहारमार्गे त्याचा ओलावा नेपाळकडं सरकला. एव्हरेस्टवर त्या मोसमात गिर्यारोहकांना शिखरासाठी जे मोजके चांगले दिवस मिळायचे, त्यांतले बरेच या दोन वादळांनी खाऊन टाकले.

त्या मोसमात एव्हरेस्टवर कोल्हापूरची कस्तुरी सावेकर होती. पैशांची जमवाजमव, वर्षानुवर्षांचा सराव, शहराचा पाठिंबा असं सगळं गाठीशी बांधून ती गेली होती, आणि खराब हवामानामुळं शिखर न गाठता तिला परतावं लागलं. जे वादळ आपल्या दारावरून गेलं, त्यानंच आपल्या गावच्या मुलीची वाट हिमालयात अडवली. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली. २०२२ च्या त्याच वसंत मोसमात तिनं आधी अन्नपूर्णा-१ हे चढाईला अत्यंत धोकादायक मानलं जाणारं शिखर सर केलं आणि १४ मे २०२२ च्या सकाळी ती एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली.

कोल्हापुरात तिचं कौतुक झालं ते २०२२ च्या चढाईचं, आणि ते होणारच. हा लेख मात्र २०२१ च्या माघारीला जास्त मान देतो. परत फिरता आलं म्हणून पुढच्या वर्षी जाता आलं. वादळासाठी केलेली सगळी तयारी शेवटी या एका क्षणापाशी येऊन थांबते: परत फिरायचं कधी, आणि ते ठरवायचं कुणी.

मे महिन्यातच का?

एव्हरेस्टवर पहिलं पाऊल पडलं ते २९ मे १९५३ रोजी. महाराष्ट्रातले गिर्यारोहक सुरेंद्र चव्हाण तिथं पोचले मे १९९८ मध्ये, पुण्याची कृष्णा पाटील मे २००९ मध्ये, गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण मे २०१२ मध्ये आणि कस्तुरी मे २०२२ मध्ये. हा योगायोग नाही. हिवाळाभर एव्हरेस्टच्या माथ्यावरून अतिवेगवान पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा वाहत असतो. मेच्या मध्यावर तो उत्तरेकडं सरकतो. जूनमध्ये मोसमी पाऊस पोचतो. या दोहोंच्या मधे जे आठ-दहा दिवस वारा पडतो, तीच शिखराची वेळ. जगभरचे लोक याच फटीतून वर जायला बघतात, आणि चक्रीवादळांचाही मोसम नेमका हाच असतो.

खालच्या उंचीवर, म्हणजे साडेतीन ते पाच हजार मीटरच्या पट्ट्यात, जिथं आपले ट्रेकर आणि यात्रेकरू असतात, तिथं आणखी दोन कारणं असतात. पहिलं रोजचंच आहे. सकाळी उन्हानं दऱ्या तापतात, गरम हवा डोंगर चढते, दुपारी ढगांचे डोंगर उभे राहतात आणि दोन-तीनच्या सुमाराला गडगडाट सुरू होतो. म्हणजे आपला वळीवच, फक्त चार हजार मीटरवर पाण्याच्या जागी बर्फ आणि गारा. म्हणून तिथले वाटाडे पहाटे तीनला उठवतात आणि बाराच्या आत खिंड पार करायला लावतात. ‘एवढ्या लवकर कशाला’ म्हणून कुरकुर करणाऱ्यांना त्याचं कारण दुपारी समजतं.

दुसरं कारण पश्चिमी विक्षोभांचं. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या प्रणाली हिवाळ्यात उत्तरेला पाऊस आणि हिमालयाला बर्फ देतात. पूर्वी उन्हाळा लागला की त्या विरळ व्हायच्या. रीडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ कीरन हंट यांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्यांचा मोसम लांबत चाललाय. गेल्या वीस वर्षांत जून महिन्यातले असे विक्षोभ त्याआधीच्या पन्नास वर्षांच्या तुलनेत दुप्पट झालेत. ‘मेमध्ये काय बर्फ पडतोय’ हे जुन्या जाणत्यांचं वाक्य त्यामुळं आता भरवशाचं राहिलेलं नाही.

सहस्रताल, ३ जून २०२४

जूनमधल्या बर्फाचा अर्थ काय, हे शेजारच्या कर्नाटकाला २०२४ मध्ये फार महागात पडून कळलं. मे अखेरीस मुख्यतः कर्नाटकातल्या ट्रेकरांचा, वाटाड्यांसह २२ जणांचा गट उत्तराखंडात सहस्रतालच्या ट्रेकला निघाला. उत्तरकाशी आणि टिहरी जिल्ह्यांच्या सीमेवरची ही तळी साडेचार हजार मीटरच्या आसपास आहेत. ३ जूनला गट वर पोचला. परतीच्या वाटेवर दुपारी हवा फिरली. वारा, बर्फ आणि त्यात वाट दिसेनाशी. रात्र उघड्यावर काढावी लागली. बातमी खाली पोचेपर्यंत दुसरा दिवस मावळतीला आला होता. हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांनी १३ जणांना वाचवलं. नऊ जण गेले. त्यांच्यात चौतिशीतली तरुणी होती आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईही होत्या. हे लोक नवखे नव्हते, त्यांतल्या अनेकांनी आधी हिमालय पाहिलेला होता.

अशीच एव्हरेस्टवरची १० मे १९९६ ची घटना साऱ्या जगात गाजली. तिथंही वादळ दुपारनंतर आलं. दुपारी एक, फार तर दोन वाजता, शिखर हाती लागो वा न लागो, मागं फिरायचं असं आधी बोललं गेलं होतं. ती वेळ टळली. काही जण चार वाजल्यानंतरही शिखराकडं चढत होते. दक्षिण बाजूला पाच जण गेले आणि उत्तरेकडून चढलेले भारत-तिबेट सीमा पोलिसांचे तीन जवानही परतले नाहीत. आठ मृतांत रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे दोन अत्यंत नावाजलेले मोहीमप्रमुख होते.

एक घटना जगातल्या सर्वोच्च शिखरावरची, दुसरी सुट्टीतल्या ट्रेकवरची. मधे २८ वर्षं. माणसं गेली ती थंडी, वारा आणि दमणूक या तिघांच्या एकत्र माऱ्यानं, आणि हा मारा दोन्ही वेळा परतीच्या वाटेवर झाला. चढताना ताकद मोजली जाते, उतरण्यासाठी किती उरली ते मोजलं जात नाही. दुपारनंतर उंचीवर घालवलेला प्रत्येक तास त्या उरलेल्या ताकदीतून वजा होतो.

वारकरी, पहिलवान आणि उंची

कोल्हापुरातून हिमालयात जाणाऱ्यांचा विचार केला की डोळ्यांपुढं दोर आणि बर्फाची कुऱ्हाड येते. प्रत्यक्षात मेच्या बर्फाला सर्वांत जास्त तोंड देतात ते यात्रेकरू. केदारनाथचं मंदिर ३५८३ मीटरवर आहे. ते अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे उघडतं, म्हणजे बर्फ अजून पुरता हटलेला नसताना. गौरीकुंड दोन हजार मीटरच्या जरासं खाली. तिथून सोळा-सतरा किलोमीटरच्या वाटेत माणूस एका दिवसात सोळाशे मीटर चढतो. २०२३ मध्ये मंदिर २५ एप्रिलला उघडलं आणि लगोलग इतका बर्फ पडला की सरकारला यात्रेची नवी नोंदणी काही दिवस थांबवावी लागली. मेच्या सुरुवातीला वाटेवर हिमनदीचा भाग घसरून रस्ताही बंद झाला.

या वाटेवर साठीतली मावशी सुती लुगड्यात आणि कॅनव्हासच्या बुटांत चालते. अंगावर एक स्वेटर, वर दहा-वीस रुपयांचा पातळ प्लास्टिकचा रेनकोट. पंढरीची वारी पायी केलेल्या माणसाला सोळा किलोमीटरचं काय वाटणार? पण वारीच्या वाटेवर हवा पुरेशी असते. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के राहतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी.

पहिलवानांनाही हे सांगावं लागतं. लाल मातीत कमावलेलं शरीर उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. दंडात बळ असलेला पोरगा जोरात चढतो, म्हणून कित्येकदा तोच आधी आजारी पडतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात. पुढं फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठलं की काही तासांत जीव जाऊ शकतो. याच्यावरचा खरा उपाय एकच, खाली उतरणं. तीन हजार मीटरच्या वर रोज रात्रीचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हा वैद्यकीय संकेत. डायमॉक्ससारखी गोळी मदत करते, पण ती डॉक्टरांना विचारून, सल्फा औषधांची ॲलर्जी नाही याची खात्री करून. वादळाशी या सगळ्याचा थेट संबंध आहे: आजारी माणूस असलेला गट वादळ येण्याआधी खाली पोचू शकत नाही.

सराव कोल्हापुरातच करता येतो, फक्त तो योग्य गोष्टीचा हवा. जोतिबाच्या पायऱ्या पाठीवर दहा किलो घेऊन चढण्यानं मांड्या तयार होतात, पण उतरताना गुडघे तयार होतात ते जास्त उपयोगाचं. पन्हाळा ते पावनखिंड मोहीम जुलैच्या पावसात चिखलातून, धुक्यातून करणारे हजारो तरुण या जिल्ह्यात आहेत. भिजलेल्या अंगानं दिवसभर चालायचं, धुक्यात पुढच्याची पाठ सोडायची नाही, रात्री कोरडं काहीतरी अंगावर चढवायचं, हे ते तिथं शिकतात. बर्फ मात्र बर्फातच शिकावा लागतो. त्यासाठी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था आहे, मनालीची संस्था आहे. तिथल्या जवळपास महिनाभराच्या प्राथमिक अभ्यासक्रमात दोर, कुऱ्हाड, बर्फातली चाल आणि घसरल्यावर स्वतःला थांबवणं शिकवतात. ज्यांना पाच हजार मीटरच्या वर जायचंय, त्यांनी आधी तिथं जावं.

बॅगेत काय असावं

थंडी आणि वादळ यांतला फरक वारा आणि ओल करतात. तापमान शून्य अंश आणि वारा ताशी चाळीस किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे सात वाटतं. उणे पाचला पन्नास किलोमीटरचा वारा असेल, तर उणे पंधरा. त्यात अंग भिजलेलं असलं तर ऊब कितीतरी पटींनी वेगानं जाते. म्हणून सगळ्या खरेदीचा नियम एकच: आतलं कोरडं राहिलं पाहिजे.

सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सूत घाम आणि पाणी धरून ठेवतं आणि अंगाला गार चिकटतं. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब टिकवते. हे शास्त्र आपल्या जिल्ह्यातल्या धनगरांना कुणी शिकवलं नाही. पट्टणकोडोलीच्या यात्रेत घोंगडी पांघरून आलेला म्हातारा पावसाळाभर मेंढरांमागं घोंगडीची खोळ घेऊन माळावर उभा असतो, तो याच जोरावर. हिमालयात घोंगडी न्यायची गरज नाही, ती भिजली की जड होते. पण अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर फ्लीस किंवा पिसांचं जॅकेट आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जाकीट अशी तीन थरांची मांडणी हवी. ढगळ पॉन्चो पावसाला बरा, पण जोराच्या वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो आणि माणसाला ओढतो.

हातमोज्यांच्या दोन जोड्या, कानटोपी, पायमोज्यांच्या कोरड्या जोड्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. हेडलॅम्प आणि जादा बॅटऱ्या, शिट्टी, चकाकणारं थर्मल ब्लँकेट. बर्फावरून चालायचं असेल तर बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक आणि पोटरीवर गेटर. काळा चष्मा चांगल्या प्रतीचा घ्या. ताजा बर्फ अतिनील किरणांतला ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो आणि ढगाळ दिवशीही डोळे भाजू शकतात. मग संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी माणूस आंधळ्यासारखा दुसऱ्याचा हात धरून उतरतो. मोबाइल अंगालगतच्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय वापरता येत नाही, हे परदेशातल्या नातेवाइकांकडून उपकरण मागवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

खाण्याच्या बाबतीत कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको. कुडकुडणारं शरीर इंधन जाळत असतं आणि त्याला लगेच पेटणारं काहीतरी लागतं. गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, बेसनाचा लाडू हातमोजे न काढता खाता येईल असा खिशात असावा. उंचीवर भूक मरते, म्हणून कांदा-लसूण चटणीची पुडी न्यायला हरकत नाही. तिच्यानं दोन घास जास्त जातात.

वादळानं गाठलंच तर

पहिला नियम, गट फुटता कामा नये. सगळ्यांत हळू चालणारा पुढं, अनुभवी माणूस शेवटी. पांढऱ्या अंधारात जमीन आणि आभाळ एक झालं की वाट शोधत भटकू नये. तंबू जवळ असेल तर तिथं परतावं, नसेल तर खडकाच्या वाऱ्याआडच्या बाजूला सगळ्यांनी एकमेकांना चिकटून बसावं. खाली बर्फावर थेट बसू नये. पाठपिशवी किंवा मॅट घ्यावी. विजा होत असतील तर धारेवरून आणि एकट्या उंच खडकापासून खाली यावं, कुऱ्हाड आणि काठ्या दूर ठेवाव्यात. तंबूवर साचणारा बर्फ दर तास-दीड तासानं झाडावा. हवेची वाट उघडी ठेवावी आणि बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की माणूस गारठ्याच्या आजारात शिरतो. आधी हुडहुडी, मग बोटांना बटण लावता येईना, जीभ जड होते, पाय लडखडतात, बोलणं तुटक आणि हट्टी होतं. ‘मी ठीक आहे, जरा बसतो’ असं तो म्हणतो. हे वाक्य धोक्याचं आहे. त्याला एकटं बसू देऊ नये. ओले कपडे बदलावेत, स्लीपिंग बॅगमध्ये घालून दुसऱ्यानं जवळ झोपावं, शुद्धीवर आणि नीट गिळत असेल तर गरम गोड पाणी द्यावं. हातपाय चोळू नयेत. दारूचा घोट तर मुळीच नको. ऊब आल्यासारखी वाटते ती कातडीकडं रक्त धावल्यामुळं, आणि त्यानं आतलं शरीर आणखी गार होतं. थरथर थांबली म्हणजे बरं वाटलं असं समजू नका. बहुतेक वेळा शरीरानं हार मानायला सुरुवात केलेली असते.

जोराच्या हिमवर्षावानंतर पहिले एक-दोन दिवस उतारांवर नवा बर्फ बसलेला नसतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक. ऊन पडलं, आभाळ निळं झालं की निघायची घाई होते. पण त्याच वेळी थांबावं लागतं. आणि इथंच आपल्या सगळ्या बेताची गोची होते.

राजाराम बंधाऱ्यावरचं शहाणपण

थांबायचं कसं? खिशात परतीचं तिकीट असतं. अमुक तारखेला दिल्लीहून निजामुद्दीन-कोल्हापूर गाडी, सोमवारी ऑफिस, मंगळवारी पुतण्याची हळद. हिमालयातले अपघात वाचताना वादळाचा वेग छापलेला असतो, तिकिटाची तारीख छापलेली नसते. पण एक दिवस वाया गेला म्हणून दुसऱ्या दिवशी खराब हवेत खिंड ओलांडणारे गट त्या तारखेपायीच निघतात. आठ दिवसांच्या ट्रेकला आठच दिवस काढलेला गट मनानं निघण्याआधीच अडकलेला असतो.

त्यात आपली ईर्ष्या. फुटबॉलच्या मैदानात दोन तालमी समोरासमोर आल्या की शहर कसं पेटतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ‘नाद करायचा नाय’ हे वाक्य खेळात शोभतं, खिंडीखाली ढग जमताना नाही. हजारो रुपये भरलेत, गावात बॅनर लागलेत, स्टेटसला फोटो टाकायचाय, मग गटप्रमुखानं ‘परत’ म्हटलं की चार तोंडं वाकडी होतात. म्हणून तो निर्णय त्या क्षणी घ्यायला ठेवूच नये.

आणि हे कोल्हापूरला नवं नाही. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना राजाराम बंधाऱ्यावरचे दोन आकडे पाठ असतात. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. पाणी चढायला लागलं की सुतारवाड्यातली माणसं सामान बांधतात, प्रयाग चिखलीची जनावरं सोनतळीकडं निघतात. ‘अजून दारात आलं नाही’ म्हणून वाद घालत कुणी बसत नाही, निदान बसू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं तेव्हा आकडा ऐकून निघालेले आपल्या पायांनी बाहेर पडले आणि ‘बघूया सकाळी’ म्हणालेल्यांसाठी बोटी आणाव्या लागल्या. आकडा आधी ठरलेला असला की ऐनवेळी कुणाच्या धाडसाची किंवा भीतीची चर्चा होत नाही.

डोंगरातही तसेच दोन आकडे हवेत. इशाऱ्याचा आकडा हवामानाचा असतो. उत्तराखंडासाठी देहरादूनचं आणि हिमाचलासाठी शिमल्याचं हवामान केंद्र पिवळे, नारिंगी, लाल इशारे देतं. हिमस्खलनाचा अंदाज चंडीगडची संरक्षण संशोधन संस्था डीजीआरई देते. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमनं केलेलं दामिनी ॲप आहे. नारिंगी इशारा असेल तर वरच्या मुक्कामाला जायचं नाही, हे निघण्याआधी ठरवा. दुसरा आकडा घड्याळाचा. खिंडीखालून पहाटे निघाल्यावर अमुक वाजेपर्यंत माथा आला नाही, तर आलो तसं परत. बहुतेक ट्रेकवर तो अकरा-बाराच्या पुढं नसावा. त्याला कुणाचाही ‘आणखी अर्धा तास’ लागू नये, गटप्रमुखाचासुद्धा.

गट नेणाऱ्या कंपन्या आणि संस्थांना निघण्याआधी विचारायचे प्रश्नही याच्यातूनच येतात. राखीव दिवस किती आहेत? मागं फिरलो तर पैशांचं काय, हे लेखी आहे का? वाटाड्यांपैकी किती जण प्रथमोपचार शिकलेत? खाली संपर्क कसा साधणार? उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरा गट बघावा. चारधामला निघणाऱ्यांनी सरकारी नोंदणी करावी, साठीपुढच्यांनी आणि रक्तदाब-मधुमेह असणाऱ्यांनी तपासणी करून घ्यावी आणि गौरीकुंडच्या अलीकडं एक दिवस मुक्काम ठेवावा. देव कपाट उघडल्यावर सहा महिने तिथंच असतो, पहिल्याच आठवड्यात गेलं पाहिजे असं नाही.

मे लांब असला तरी बेत आधीच शिजायला लागतात. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे मेची तिकिटं मार्चमध्ये निघतात. तेव्हा परतीचं तिकीट ट्रेक संपण्याच्या तारखेपेक्षा दोन दिवस पुढचं काढा. त्या दोन दिवसांत काही घडलं नाही तर ऋषिकेशला गंगेकाठी बसा, काही बिघडत नाही. आणि घरातून निघण्याआधी एका कागदावर माथ्यावरून किंवा माथ्याआधी परत फिरायची वेळ लिहा, गटातल्या प्रत्येकाची त्यावर सही घ्या आणि एक प्रत घरी आईकडं ठेवा.